ओरखडा पडता कामा नये

मला सायकल येत नाही, ही गोष्ट मी सत्तेचाळीस वर्षं कुणाला कळू दिली नव्हती. तसं कुणी विचारतही नाही म्हणा. बाईमाणूस, त्यात मास्तरीण, त्यात अंगाने भरलेली. तिला सायकल येते का, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येणार? लहानपणी पाथरीला आमच्या घरात एक सायकल होती, पण ती भावाची. तो शिकला तेव्हा अख्खी गल्ली त्याच्या मागे धावली. मला घरच्यांनी एवढंच शिकवलं की कॅरिअरवर बसलीस की पाय लांब धर, नाहीतर चाकात जातील. ते मी उत्तम शिकले. आजही मला कुणाच्याही मागे कशावरही बसवा, मी पाय लांब धरून बसते.

अशा बाईच्या गळ्यात शाळेने शारीरिक शिक्षणाचा तास मारला. माझा विषय भूगोल. पण खेळाचे सर बदलून गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, आणि एक दिवस हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, जगाचे नकाशे तुमीच सांभाळता, मैदानबी तुमीच सांभाळा. त्यात काय, जमीनच हाय." एवढा युक्तिवाद करून ते निघून गेले. शिट्टी तेवढी माझ्या हातात आली.

शाळा परभणीहून ताडकळसला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका फाट्यापासून दीड किलोमीटर आत. मी परभणीत राहते. एसटी मला फाट्यावर सोडते आणि पुढे गावात जो कुणी निघालेला असेल त्याच्या मोटारसायकलवर मी बसते. दूधवाला, खतदुकानदार, कधी सरपंचांचा पुतण्या. अकरा वर्षांत तो दीड किलोमीटर मी एकदाही पायी चालले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी काय काय भाषणं ठोकली ते ऐकून तुम्हाला माझ्याबद्दल गैरसमज व्हायला नको.

श्रावणात सरकारी योजनेतून आमच्या आठवीच्या मुलींना सायकली आल्या. बावीस सायकली मैदानात ओळीने उभ्या, रबराचा वास, हँडलला प्लास्टिक, उन्हात नुसत्या चमकताहेत. पालकांना बोलावलेलं, मांडव घातलेला, हार आणलेले. फक्त ज्यांच्या हस्ते वाटप व्हायचं ते पाहुणे आले नव्हते. तासभर झाला, दीड तास झाला. पालक उठून जायला लागले तसे हेडमास्तर माझ्या कानाशी आले. "मॅडम, तुमी बोलत ऱ्हावा. पाहुणे येस्तोवर थांबू नका."

मी बोलायला लागले. शिक्षणाचं महत्त्व दहा मिनिटांत संपलं. सायकलचं महत्त्व पाच मिनिटांत. मग चाकाचा शोध, मग पृथ्वी स्वतःभोवती कशी फिरते ते. पाहुण्यांचा पत्ता नाही. बोलायला काहीच उरलं नाही तेव्हा मी रागवायला सुरुवात केली, कारण ते मला तयारीशिवाय येतं. "ही सायकल म्हणजे खेळणं नव्हे! सरकारने विश्वासाने दिलेली वस्तू आहे. जिवापाड जपा. एकही ओरखडा पडता कामा नये. साहेब कधीही तपासायला येतील!" असा कुठलाही साहेब नव्हता. पण हे वाक्य ऐकताच पेंगणारे पालक ताठ बसले. मला बरं वाटलं. म्हणून मी ते आणखी दोनदा म्हटलं.

दसऱ्याच्या तोंडावर वरून पत्र आलं. विद्यार्थ्यांनी शाळेत पायी किंवा सायकलीने यावं यासाठी उपक्रम राबवावा आणि फोटो पाठवावेत. हेडमास्तरांच्या दृष्टीने पत्रातला महत्त्वाचा शब्द 'फोटो'. माझ्या दृष्टीने मात्र विषय जिव्हाळ्याचा होता, कारण आमच्या गावच्या पोरांच्या चालण्याच्या आळसाने माझं डोकं रोज तापायचं. गाव केवढं? या टोकाहून त्या टोकाला दहा मिनिटं. तरी सकाळी शाळेच्या फाटकाशी मोटारसायकलींची जत्रा. एका मुलाच्या घराची आणि शाळेची भिंत एकच. तोसुद्धा बापाच्या गाडीवर बसून यायचा. बापाला विचारलं तर म्हणाला, "पानटपरीवर जायलोच होतो मॅडम, म्हनलं लेकराला बी घेतो."

मी प्रार्थनेनंतर अर्धा तास बोलले. चालल्याने पाय घट्ट होतात, बुद्धी चालते, वगैरे. बोलून झाल्यावर विचारलं, "काही शंका?" आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. दुसऱ्या बाकावर बसणारी, काटकुळी, तेल लावून चापून बसवलेल्या दोन वेण्या. ही पोर शंका विचारायला लागली की आमच्या शिक्षकांना एकदम दुसरं काम आठवतं. ती म्हणाली, "मॅडम, मंग तुमी फाट्यावरून पायी का येत न्हाईत?"

"माझे गुडघे," मी म्हटलं आणि शिट्टी वाजवली.

दसरा झाल्यावर फोटोसाठी सायकल फेरी. बावीस सायकली यायला हव्या होत्या. आल्या चार. मी मुलींना विचारलं, "सायकली कुठे आहेत?" "घरी हाय मॅडम." "घरी काय करते?" "हाय." एकीने तर सांगितलं, "निजवलीय." माझा पारा चढला. पोरींना दिलेल्या सायकलींवर भाऊ गावभर हुंदडताहेत नाहीतर बाप दुधाचे कॅन वाहताहेत, अशी माझी खात्रीच पटली. मी हेडमास्तरांना म्हटलं, "चला. एकेकाच्या घरी जाऊन बघते." ते मोबाइल आणि एक कोरा कागद घेऊन निघाले.

पहिल्या घरासमोर आम्ही उभे राहिलो. दारात भाकरीच्या पिठाचे हात घेऊन एक बाई आली. तिने मला पाहिलं, हेडमास्तरांच्या हातातला कागद पाहिला आणि आत तोंड करून ओरडली, "अवो, उठा! तपासनी आली!"

आत धावपळ झाली. सतरंजी अंथरली गेली. मग घरधनी दोन्ही हातांवर तोलून एक लांबडं पांढरं गाठोडं घेऊन आला. ते त्याचं स्वतःचं धोतर होतं. त्याने धोतराचा एकेक वेढा सोडवला आणि आतून सायकल निघाली, श्रावणात दिली होती तशीच्या तशी. "बगा सायेब," तो हेडमास्तरांना म्हणाला, "हात फिरवून बगा. एक वरखडा न्हाई." हेडमास्तरांनी मी साहेब नाही असं म्हणायला हवं होतं. त्यांनी चाक फिरवलं, मान हलवली आणि कागदावर 'ठीक' असं लिहिलं.

तिथून पुढे बातमी आमच्या आधी पोहोचत गेली. एका अंगणात सायकल तेल पुसून, दसऱ्याच्या वाळक्या झेंडूच्या हारासकट उभी. एकीची ज्वारीच्या कणगीवर आडवी निजवलेली, वर चादर. एका घरात पोरांनी हात लावू नये म्हणून सायकलीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली बापाच्या करदोट्याला. कुठेही दुधाचा कॅन नाही, कुठेही हुंदडणारा भाऊ नाही. जिथे जावं तिथे लोक अभिमानाने सांगायचे, "तुमी म्हनलात तसं जपलंय मॅडम." पाचव्या घरी मी चहा घेता घेता मटकन ओट्यावर बसले. चूक कुणाची होती ते आता मला कळलं होतं. मला माझाच इतका राग आला की तो मी हेडमास्तरांवर काढला. ते बिचारे म्हणाले, "मी तर फक्त बोलत ऱ्हावा म्हनलं होतं."

शेवटचं घर त्या शंका विचारणाऱ्या मुलीचं. गावापासून तीन किलोमीटरवर रानात वस्ती. आम्ही हेडमास्तरांच्या गाडीवर गेलो, मी पाय लांब धरून. ती चार दिवस शाळेत आली नव्हती. पत्र्याच्या घरापुढे बाजेवर तिचे आजोबा बसले होते, आणि आत आढ्याला दोन दोरखंडांनी तिची सायकल टांगलेली होती. खाली अंथरुणं, वर सायकल. हँडलचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

"चार दिवस शाळेत का नाहीस?" मी विचारलं.

ती आजोबांकडे बघायला लागली. आजोबा म्हणाले, "तिचे आई-बाप उसाच्या तोडीला जायलेत मॅडम. मुकादम म्हनला, यंदा दिवाळीच्या आदीच निगायचं. पंधरा दिस ऱ्हायले. चुलता बी जायलाय, त्याच्याच गाडीवर ही शाळेत येत व्हती. आता कोसभर रान हिला कोन आनून सोडंल? मी म्हनलं, जाऊ दे संगं. आईला हात बी लागंल."

"आणि ही सायकल कशासाठी आहे बाबा?"

"ती रुखवताला ठिवली."

"अहो, ती आठवीत आहे!"

"आज हाय. पोरी वाडायला काय टाईम लागतो? रुखवतात नवी कोरी सायकल मांडली तर पावने बगत ऱ्हातील. आन् तवर सायेबाची तपासनी बी व्हऊन जाईल. तुमीच म्हनल्या ना, वरखडा पडला न्हाई पायजे."

मी त्यांना समजावलं. सायकल चालवायला असते, पोर हुशार आहे, तोडीला गेली की शाळा सुटली ती सुटलीच. ते ऐकत होते, तालुक्याहून आलेल्या माणसाचं ऐकावं तसं, मान हलवत आणि एक अक्षर आत न घेता. मग म्हणाले, "रस्ता बगितला का? टॅक्टरच्या चाकोऱ्या पडल्यात. नवी पोर, नवी सायकल. पडली तर दोन्ही बी हातचे गेले. तुमाला तरी येती का सायकल?"

इथे मी खरं बोलायला हवं होतं. पण ती पोर मान वर करून माझ्याकडे बघत होती आणि गुडघ्याचं उत्तर मी तिला एकदा देऊन बसले होते. "येते की!" मी म्हटलं. "लहानपणी पाथरीभर फिरवलीय." हेडमास्तर मला अकरा वर्षं ओळखतात. त्यांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"मंग या एक दिस," आजोबा म्हणाले. "शाळंपासून इथवर. सायकलीवर. तुमी आलात आन् सायकलीला वरखडा न्हाई पडला, तर मी ही खाली काडतो. जबान देतो. न्हाई तर जाऊ द्या तिला आई-बापासंगं."

त्या रात्री घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं. ते एका कचेरीत कारकून आहेत, शांत माणूस. त्या दिवशी मात्र इतके हसले की चहा नाकात गेला. मी उठून आत गेले. थोड्या वेळाने ते शेजाऱ्यांच्या नातीची सायकल घेऊन दारात उभे. "उद्या साडेपाचला," म्हणाले.

परभणीत शिकायला जागा एकच, कृषी विद्यापीठातले रस्ते. रुंद, झाडीचे, पहाटे मोकळे. मोकळे म्हणजे वाहनांपासून. फिरायला येणारी सगळी निवृत्त मंडळी तिथेच. माझ्या लेकीचा पंजाबी ड्रेस घालून मी सायकलवर, मागे कॅरिअर धरून धापा टाकणारा नवरा, आणि दुतर्फा सल्लागार. एक म्हणाले खाली बघू नका. दुसरे म्हणाले खाली बघितल्याशिवाय खड्डा कसा दिसेल. मग त्या दोघांचं आपसातच जुंपलं आणि आम्ही पुढे निघालो. पहिल्या तीन दिवसांत मी पाच वेळा पडले. नवरा दोन वेळा पडला, तोही सायकलीवर न बसता.

चौथ्या दिवशी त्यांनी न सांगता हात सोडला. मला कळलंच नाही. मी आपली त्यांना महिन्याच्या किराण्याबद्दल काहीतरी सांगत होते. उत्तर येईना म्हणून मागे बघितलं तर ते शंभर पावलांवर कमरेवर हात ठेवून उभे! मी चालवत होते! मी, एकटी! आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झालाय. तेवढ्यात रस्ता वळला. मी नाही वळले. सरळ विद्यापीठाच्या तुरीच्या प्लॉटमध्ये शिरले आणि वाणाचा नंबर लिहिलेली पाटी आडवी केली. राखणदार काठी घेऊन धावत आला. "ओ बाई, ह्यो प्रयोग हाय!" मी तुरीत बसल्या बसल्या म्हटलं, "माझापण प्रयोगच चाललाय, दादा." त्याने मला हात दिला, पण आधी पाटी उभी केली.

बारा दिवसांच्या शेवटी माझी प्रगती अशी होती. सरळ रस्त्यावर उत्तम. चढायला दगड लागे, उतरायला भिंत लागे. वळणं मला काही केल्या येईना. हँडल वळवलं की मी आडवी. शेवटी नवऱ्याने सांगितलं, "रस्ता वळेल तिथे उतर, सायकल हाताने फिरव आणि पुन्हा चढ. वळायचं राहू दे."

हेडमास्तरांना मी खरं काय ते सांगून टाकलं होतं. सांगण्यासारखं फार नव्हतं, त्यांना आधीच माहीत होतं. पण त्या माणसाने त्या दिवशी माझं मन जिंकलं. ते मोटारसायकल घेऊन सगळा रस्ता बघून आले आणि भूगोलाच्या बाईसमोर फळ्यावर खडूने नकाशा काढला. "मॅडम, वळणं दोनच. पहिल्या वळणाला मैलाचा दगड हाय, दुसऱ्याला पुलाचा कठडा. चढायची सोय दोन्हीकडं हाय. वस्तीवर मात्र भिंत बघावी लागंल."

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि निघायची वेळ झाली. सायकल कुणी देईना, सगळ्यांना ओरखड्याची भीती. शेवटी धोतरवाल्या गृहस्थांनी मोठ्या मनाने त्यांच्या लेकीची दिली, पण "मॅडम, तेवढं बगा" असं म्हणत पहिली वीस पावलं ते कॅरिअरला हात लावून धावले. पुढे हेडमास्तर खतदुकानदाराच्या गाडीवर उलटे बसून मोबाइलने चित्रण करत होते. मागे अख्खी शाळा, पायी आणि पळत. वर्षभर ज्यांनी एक गल्ली चालून दाखवली नव्हती ती पोरं माझ्या फजितीच्या आशेने तीन किलोमीटर धावली. उपक्रम यशस्वी म्हणायचा तर तो त्या दिवशी झाला.

पहिलं वळण पार पडलं. दुसरंही. पुलाच्या कठड्यावरून चढताना एका म्हाताऱ्या बाईने कापूस वेचायचा थांबवून मला हात जोडले, ते का कोण जाणे. समोरून एक ट्रॅक्टर आला तेव्हा मी डोळे मिटले, पण चाकोरी इतकी खोल होती की सायकल आपोआप तिच्यातूनच गेली. आणि मग वस्ती दिसली. बाजेवर आजोबा, दारात बोचकी बांधणारे आई-बाप, चुलता, आणि त्या सगळ्यांच्या पुढे ती पोर, ओठ घट्ट मिटून उभी. आतापर्यंत ही माझी अब्रू होती. आता ते तिचं वर्ष होतं, कदाचित पुढची सगळी वर्षं.

भिंत मात्र नव्हती. म्हणजे घराला होती, पण मध्ये बाज, बाजेवर आजोबा, आजूबाजूला कोंबड्या. वळता येत नव्हतं. ब्रेक दाबला तर पाय जमिनीला पुरत नव्हते. सरळ रेषेत होती ती कडब्याची गंजी. तिच्या अलीकडे म्हैस बांधायचा लोखंडी खुंटा होता, तो मला दिसला तेव्हा उशीर झाला होता. खर्र असा आवाज आला आणि मी कमरेपर्यंत कडब्यात गेले.

सगळे धावले. सायकलीकडे. माझ्याकडे फक्त ती आली. "मॅडम, लागलं का?" म्हणत तिने माझ्या केसातली धाटं काढायला सुरुवात केली.

सायकलीच्या दांडीवर वीतभर लांब पांढरा ओरखडा उमटला होता. धोतरवाले गृहस्थ डोक्याला हात लावून खाली बसले. आजोबा उठून आले, त्यांनी त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पडला की वो."

मी कडब्यातूनच बोलले. "पडला बाबा. मला सायकल येत नाही. तुमच्याशी खोटं बोलले. बारा दिवसांत शिकले, तीपण अर्धीच. आणि त्या दिवशी शाळेतसुद्धा मी खोटंच बोलले होते. तपासायला कुणी साहेब येणार नाही. पाहुण्यांना उशीर झाला होता, मला बोलायला काही सुचत नव्हतं, म्हणून बोलले." मला रडू आलं. डोळ्यात कडबा गेला असंही म्हणता आलं असतं, पण मी रडतच होते, आणि अख्ख्या शाळेसमोर.

"सायेब न्हाई?" आजोबांनी विचारलं.

"नाही."

"कदीच येनार न्हाई?"

"नाही."

त्यांनी हेडमास्तरांकडे बघितलं. हेडमास्तरांनी मोबाइल खिशात घातला.

"मंग ती वर टांगलेली सायकल कोनाची?"

"तिची," मी म्हटलं. "पहिल्यापासून तिचीच."

आजोबांनी दारातून आत, आढ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "येत न्हाई, तरी कोसभर आल्या?"

"हो."

"ह्या वयात? ह्या आंगानं?"

"हो, बाबा."

त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं ठसका लागला, मग कळलं की म्हातारा हसतोय. डोळे पुसत ते लेकाला म्हणाले, "अरे, ह्या आल्या तर पोरीला काय अवघड हाय? काड ती खाली."

चुलत्याने दोरखंड सोडले. सायकल खाली आली, दोन्ही चाकांत हवेचा टिपूस नाही. तरी पोर तिच्या हँडलला अशी बिलगली की तिच्या आईने तोंडाला पदर लावला. आजोबा मात्र सायकलीभोवती फिरत होते. ते गुळगुळीत चकचकीत मडगार्ड, त्यांना काही ते सोडवत नव्हतं. मग ते आत गेले आणि एक खिळा घेऊन आले.

"रुखवताच्या भांड्यावर नाव घालतो का न्हाई आपन?" ते म्हणाले. "ती नाव म्हंजी काय? वरखडाच असतोय. पयला वरखडा तुज्या हातचा पडू दे. घाल तुजं नाव."

ती खाली बसली आणि मागच्या मडगार्डवर खिळ्याने नाव कोरायला लागली. अख्खी शाळा वाकून बघत होती. तिचं नाव झालं, बापाचं नाव झालं, आडनावाला जागा उरली नाही. आजोबांना वाचता येत नाही. त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "ब्येस."

सोमवारी शाळेत धोतरातली सायकल आली. "आता खराब झालीच हाय तर वापर म्हनाले," त्यांची लेक म्हणाली. मग गावात ती टूमच निघाली. खिळा घ्यायचा, मडगार्डवर नाव घालायचं आणि सायकल बाहेर काढायची. आठवड्याभरात सतरा सायकली फाटकाशी लागल्या, त्यातली एक वस्तीवरच्या त्या पोरीची; ती दोन दिवसांत ढोपरं फोडून शिकली होती. हेडमास्तरांनी फोटो पाठवले, वरून मोबाइलवर उत्तरादाखल अंगठा आला. भिंतीला भिंत असलेला तो मुलगा अजून बापाच्या गाडीवरच येतो. त्याच्यापुढे मी हात टेकले.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी मी नेहमीप्रमाणे एसटीने फाट्यावर उतरले. समोरून ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर येत होता. ट्रॉलीत बोचकी, भांडी, कोयते, वर बसलेली माणसं, आणि ट्रॉलीच्या बाजूने सायकलवर ती. वस्तीपासून साडेचार किलोमीटर ती आईला सोडायला आली होती. आई ट्रॉलीवरून वाकून सारखं काहीतरी सांगत होती. जेव, आबाला चहा दे, हळू चालव. ती नुसती हं हं करत पायडल मारत होती.

फाट्यावर ट्रॅक्टर डांबरी रस्त्याला लागला आणि त्याने वेग घेतला. ती थोडी मागे पडली. मला वाटलं आता ही पायडल मारत अशीच मागून जाणार, आणि माझ्याच्याने तिला हाक मारवेना. तिने एकदा हात वर केला. आईनेही केला. मग तिने एक पायसुद्धा जमिनीला न टेकवता सायकल गोल वळवली आणि शाळेच्या दिशेला तोंड केलं.

मला अजून वळवता येत नाही.

ती माझ्यापाशी येऊन थांबली. डोळे लाल होते. खतदुकानदार गाडी थांबवून "चला मॅडम" म्हणत होता, त्याला मी जा म्हणून सांगितलं. तिने कॅरिअर ओढणीने पुसला. "बसा मॅडम. पाय लांब धरा." मी बसले, पाय लांब धरले. गाव येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि मीही, आयुष्यात पहिल्यांदाच, काही भाषण केलं नाही.